रायबोफ्लेविन ४०० एमजी चालू केलंय, हा पिवळा प्रकार नॉर्मल आहे का?

सांजवेळ (धागाकर्ती)

मंडळी, आधीच सांगते, डॉक्टरांना भेटूनच आलेय, त्यामुळे "आधी डॉक्टरांना दाखवा" हा पहिला प्रतिसाद नको प्लीज. गेली सहा-सात वर्षं मायग्रेन आहे, महिन्यातले आठ-नऊ दिवस डोकं धरून अंधाऱ्या खोलीत जातात. यावेळी न्यूरोलॉजिस्टनी रात्रीची अमिट्रिप्टिलिन १० (मायग्रेन येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालूच ठेवली आणि वर रायबोफ्लेविन म्हणजे बी२ रोज ४०० एमजी, किमान तीन महिने असं लिहून दिलं. मी मान डोलावून बाहेर आले आणि सगळे प्रश्न लिफ्टमध्ये सुचले, नेहमीप्रमाणे.

काल पहिली गोळी घेतली. दोनेक तासांनी बाथरूमला गेले तर अक्षरशः हायलाइटर पेन! इतका पिवळा की मला वाटलं कोणी बल्ब बदलला की काय. नवरा म्हणतो कावीळ झाली, सासूबाई म्हणतात उष्णता, आणि मी आरशात डोळे ताणून ताणून बघतेय.

तर प्रश्न असे की एक, हे नॉर्मल आहे ना. दोन, डबीवर रोजची गरज १.३ एमजी लिहिलीये आणि ही गोळी ४०० ची, म्हणजे तीनशे पट, हे अंगावर नाही ना येणार. आणि तीन, घरात बी-कॉम्प्लेक्सची मोठी बाटली जवळजवळ भरलेली पडलीये, त्यात एका गोळीत बी२ ५० एमजी आहे, मैत्रीण म्हणते आठ गोळ्या घे की, हिशोब तोच. ती संपेपर्यंत तीच घेऊ का?

---

औषधवही

फार्मसिस्ट आहे, पण तुमचा फार्मसिस्ट नाही, त्या हिशोबाने वाचा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते अर्जंट आहे. आठ गोळ्या घेऊ नका. आज तर नाहीच. त्या बाटलीच्या मागची बारीक अक्षरं इथे टाइप करा, मग सांगतो का ते.

पिवळ्याचं म्हणाल तर शंभर टक्के नॉर्मल. रायबोफ्लेविन स्वतःच पिवळं-केशरी असतं, नावातला फ्लेविन म्हणजेच पिवळा. पाण्यात विरघळणारं आहे, शरीर त्याचा फारसा साठा करत नाही, जास्तीचं किडनीवाटे बाहेर. कावीळ असेल तर लघवी अशी लख्ख पिवळी नसते, गडद तपकिरीकडे जाते, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, अंगाला खाज, संडासचा रंग फिका वगैरे. बी२ ने डोळे पिवळे होत नाहीत. झाले तर मात्र गोळीला दोष देत बसू नका, लगेच जाऊन रक्त तपासा.

---

कुंपणावरचा

थोडक्यात काय तर महागडी लघवी. हलके घ्या.

---

सांजवेळ

@औषधवही, भिंग घेऊन बसले. एका गोळीत बी१ ५०, बी२ ५०, बी३ ५०, बी६ ५०, फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम, बी१२ ५० मायक्रोग्रॅम, बायोटिन ५० मायक्रोग्रॅम. अजून दोन-तीन नावं आहेत पण तिथे लेबल फाटलंय.

---

औषधवही

बरोब्बर. आता आठाने गुणा.

बी२ ४०० झालं, ठीक. पण बी६ पण ४०० झालं! बी६ ची मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा अमेरिकेत रोज १०० एमजी धरतात आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती थेट १२ वर आणली. कारण नसांवर परिणाम होतो, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे. फॉलिक ॲसिड ३२०० मायक्रोग्रॅम झालं, त्याची मर्यादा १००० आहे, आणि जास्तीच्या फॉलिकने बी१२ ची कमतरता रक्ताच्या रिपोर्टात झाकली जाते, आत नसांचं नुकसान चालूच राहतं. बी३ पण ४०० झालं, ते नायसिन प्रकारचं असेल तर चेहरा लालबुंद होऊन अंगाची आग आग होईल ते वेगळंच.

म्हणजे ज्याची भीती वाटतेय त्या बी२ ने काही होणार नाही आणि ज्यांच्याकडे लक्षच नाही ते शेजारी घात करतील. म्हणून बी२ जास्त डोसमध्ये घ्यायचं तर एकट्याचं घ्यायचं, डबीवर फक्त रायबोफ्लेविन लिहिलेलं. आणि ती बाटली? डॉक्टरांनी सांगितलं असेल तर एक गोळी, नाहीतर तीही नको.

---

भटकी_मांजर

वरच्या प्रतिसादाला हजार वेळा +१, कारण मी त्यातून गेलेय.

मी कधी आठ गोळ्या घेतल्या नाहीत हो. मी घेत होते एक मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी एक, "नसांच्या ताकदीसाठी" एक आणि सकाळी पाण्यात विरघळणारी एक एनर्जीवाली. चार वेगळी दुकानं, चार वेगळे डबे, चारही डब्यांत बी६. मी कधी बेरीजच केली नाही, कोण करतं? साधारण वर्षभराने पायाच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या, मग तळव्याखाली सतत काहीतरी वाळू असल्यासारखं वाटायचं, चप्पल झटकून झटकून बघायचे. मग काय केलं असेल मी? नसांची ताकदवाली गोळी दोनदा घ्यायला लागले!! आगीतून फुफाट्यात.

शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की घरातले सगळे डबे पिशवीत भरून आणा. टेबलावर ओळीने मांडले आणि पेनाने एकेका डब्यावर बी६ च्या आकड्याला गोल केला. चार गोल. ती बेरीज बघून मलाच लाज वाटली. सगळं बंद केलं, मुंग्या कमी व्हायला आठ महिने लागले आणि डाव्या पायाचा अंगठा अजूनही थोडा झोपलेलाच आहे.

---

सांजवेळ

बापरे. बाटली माळ्यावर. मैत्रिणीला हा धागा पाठवतेय.

---

कुंपणावरचा

आता मस्करी बाजूला ठेवून विचारतो. एका वेळी आतड्यातून साधारण २७ एमजीच बी२ शोषलं जातं असं वाचलंय. मग ४०० कशाला? उरलेलं ३७० काय देखाव्याला?

आणि दुसरं, मायग्रेनचा जो अभ्यास सगळे दाखवतात तो १९९८ चा, ५५ पेशंट, तीन महिने. बी२ वाल्यांपैकी ५९ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा जास्त कमी झाला, खोटी गोळीवाल्यांत १५ टक्के. ऐकायला भारी. पण खरी गोळी घेणाऱ्याची लघवी जर हायलाइटरसारखी होत असेल तर त्याला कळणारच ना की आपल्याला खरी मिळालीये? मग कसला आंधळा प्रयोग, म्हणजे कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नसलेला? २००४ मध्ये एकांनी हुशारी केली, एका गटाला बी२ ४०० अधिक मॅग्नेशियम अधिक फीवरफ्यू नावाची वनस्पती, आणि "खोट्या" गोळीतही २५ एमजी बी२ घातलं, म्हणजे सगळेच पिवळे. निकाल? ४२ टक्के आणि ४४ टक्के. काहीच फरक नाही.

---

औषधवही

कुंपणावरून उतरलात की काय! मुद्दे चांगले आहेत.

२७ चा आकडा बरोबर आहे, त्याहून जास्तीचं बरंचसं आतड्यातच राहतं. म्हणूनच काहींना सुरुवातीला पातळ संडास होतं, १९९८ च्या प्रयोगातही बी२ च्या गटात एकाला जुलाब आणि एकाला वारंवार लघवी एवढंच झालं होतं. जेवणाबरोबर घेतलं तर शोषण चांगलं होतं, पोट हळू रिकामं होतं म्हणून. काही डॉक्टर २०० सकाळी आणि २०० रात्री असं तोडून देतात. पण डोस तोडायचा की नाही हे स्वतः ठरवू नका, विचारा, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

२००४ चा निकाल तीन प्रकारे वाचता येतो. एक म्हणजे ४०० चा काही उपयोग नाही, किंवा मग २५ नेही तेवढंच काम होतं, जे २७ च्या आकड्याशी जुळतं बघा. किंवा दोन्ही गटांत नुसता मनाचा खेळ. तिन्ही शक्य आहे. तरी डॉक्टर देतात कारण मायग्रेनच्या मेंदूतल्या पेशींना ऊर्जा तयार करण्यात अडचण असावी असा एक तर्क आहे आणि बी२ पासून जे एफएमएन, एफएडी नावाचे मदतनीस रेणू बनतात ते पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यात लागतातच. आणि दुसरं, खरं सांगायचं तर मोठं, कारण म्हणजे याने नुकसान जवळजवळ होत नाही. मायग्रेनच्या बाकीच्या प्रतिबंधक गोळ्यांनी कुणाचं वजन वाढतं, कुणाला दिवसभर गुंगी, कुणाचे शब्द अडकतात. त्यापुढे पिवळी लघवी म्हणजे काहीच नाही.

आता दोन नंबरचा प्रश्न, तीनशे पट. बी२ ची वरची सुरक्षित मर्यादा ठरवलेलीच नाही. याचा अर्थ कितीही खा असा नाही हं, अर्थ एवढाच की मर्यादा ठरवायला लागतील एवढे दुष्परिणाम कुणाला सापडले नाहीत. किडनीचा आजार असेल तर मात्र हे गणित तसंच लागू करू नका, विचारून घ्या.

---

पाटीपेन्सिल

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिलाही डोकेदुखी असते, शाळेतून आली की आडवी. ४०० ची अर्धी गोळी देऊन बघू का? व्हिटॅमिनच आहे म्हणून विचारतेय.

---

औषधवही

नका देऊ. मुलांवर जे छोटे प्रयोग झालेत त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मुलाची डोकेदुखी मायग्रेनच आहे हे आधी कुणीतरी तपासून ठरवायला हवं. चष्मा, झोप, उपाशी राहणं, पाणी, किती कारणं असतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं नको.

---

भटकी_मांजर

@पाटीपेन्सिल, आणि मोठ्यांसाठीही, डोकं अचानक एका मिनिटात फुटल्यासारखं दुखलं, किंवा ताप आणि मान आखडणे, तोंड वाकडं, बोलणं अडखळणे, हातपाय लुळा, असलं काही असेल तर धागे वाचत बसू नका, सरळ इमर्जन्सी.

---

दुपारची_झोप

माझ्या ओठांचे कोपरे सारखे फाटतात, जिभेची आग होते. सगळे म्हणतात बी२ कमी आहे. मग मी पण ४०० घेऊ?

---

औषधवही

नाही. खरंच बी२ कमी असेल तर ते काही एमजीतच भरून येतं, ४०० चा इथे काही संबंध नाही. बी२ कमी पडलं की ओठांचे कोपरे फाटतात, जीभ जांभळट-गुलाबी आणि गुळगुळीत होते, घसा दुखतो, नाकाच्या बाजूला तेलकट खवले, डोळ्यांना उजेड सहन होत नाही, ही लक्षणं खरी. पण कोपरे लोह कमी असल्यानेही फाटतात, बी१२ कमी असल्यानेही, बुरशीनेही, आणि कवळी नीट बसत नसेल तर लाळ साचूनही. शिवाय एकटं बी२ च कमी असणं तसं दुर्मिळ, कमी असलं तर बरोबर आणखी दोन-तीन गोष्टी कमी असतात. दूध, अंडी, मशरूम, बदाम, हिरव्या पालेभाज्या यातलं काहीतरी रोज पोटात जात असेल तर बहुतेकांना पुरतं.

---

चष्मिस

थोडं अवांतर. माझ्या भावाच्या डोळ्यात रायबोफ्लेविनचे थेंब टाकून वरून यूव्ही लाइट मारला होता, बुबुळ पुढे टोकदार होत चाललं होतं म्हणून, केराटोकोनस. मग या गोळ्या खाल्ल्या तर मला फायदा होईल का, मलाही नंबर वाढतोय.

---

औषधवही

नाही होणार. तिथे बी२ व्हिटॅमिन म्हणून वापरतच नाहीत, प्रकाश पकडणारं रंगद्रव्य म्हणून वापरतात. यूव्ही पडला की त्यामुळे कॉर्नियातल्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातल्या, कोलॅजनच्या धाग्यांमध्ये जास्तीचे टाके पडतात आणि तो ताठ होतो. ते ऑपरेशन थिएटरमधलं, ठरलेल्या मिनिटांचं काम. गोळी खाऊन उन्हात बसलं तर फक्त घाम येईल. पण घरात एकाला केराटोकोनस आहे आणि तुमचा नंबर वाढतोय म्हणताय, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना भावाचं सांगून कॉर्नियाचा स्कॅन करून घ्या, हे मात्र नक्की.

---

सांजवेळ

प्रकाशावरून आठवलं! सासूबाईंनी परवा माझ्या सगळ्या गोळ्या त्या काळपट डबीतून काढून काचेच्या छान बरणीत भरल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, "समोर दिसल्या की विसरणार नाहीस." तीन दिवस तिथेच होत्या. चालेल ना?

---

औषधवही

सासूबाईंचा हेतू उत्तम, जागा चुकली. बी२ ला उष्णतेचं फार काही वाटत नाही पण उजेड अजिबात सहन होत नाही, त्याचे तुकडे होऊन त्याचं व्हिटॅमिनपणच जातं. पारदर्शक बाटलीतलं दूध उन्हात राहिलं की त्यातलं बी२ असंच उडतं. तीन दिवसांत गोळ्यांवर किती परिणाम झाला हे नुसतं बघून कळणार नाही, वरून कोटिंग असेल तर कमी झाला असेल. परत मूळ डबीत भरा, झाकण घट्ट, कपाटात. आठवण राहायला मोबाइलचा अलार्म लावा.

---

कुंपणावरचा

अवांतर: यूव्ही टॉर्च असेल तर गोळीची पूड पाण्यात टाकून अंधारात बघा, हिरवट पिवळी चमकते. पुतण्याला दाखवली, तो आता बाथरूममध्येही टॉर्च मागतोय.

---

सांजवेळ

:D :D

बरं एक राहिलंच, रात्रीच्या अमिट्रिप्टिलिनशी याचं काही भांडण नाही ना?

---

औषधवही

भांडण म्हणावं असं नाही. त्या जातीच्या औषधांमुळे शरीरात बी२ चं कामाच्या रूपात बदलणं थोडं अडतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, पण दोन्ही लिहून देणारे डॉक्टर एकच आहेत, त्यामुळे ठीक. त्या गोळीचा डोस मनाने कमी-जास्त करू नका. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स कुणाचा चालू असेल तर ती आणि बी२ एकाच घोटाबरोबर घेऊ नये, मधे काही तास जाऊ द्यावेत. फिनोबार्बिटल, मेथोट्रेक्सेट, प्रोबेनेसिड यातलं काही चालू असेल तर आधी विचारावं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांची रोजची गरज १.४ आणि १.६ एमजी आहे, म्हणजे किंचितच वाढलेली, त्यांनी ४०० आपल्या मनाने अजिबात सुरू करू नये.

आणि लघवी किंवा रक्ताची तपासणी असेल तर लॅबमध्ये सांगा काय घेताय. पिवळ्या रंगामुळे पट्टीवरची लघवीची तपासणी चुकीची वाचली जाऊ शकते. बी-कॉम्प्लेक्स किंवा केसांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यात बायोटिन भरपूर असलं तर थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता.

---

भटकी_मांजर

सांजवेळ, एक डायरी ठेव गं. कुठल्या दिवशी दुखलं, दहापैकी किती, पेनकिलर घेतली का. नाहीतर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारतील "फरक?" आणि आपण म्हणतो "आहे तसा थोडासा". आणि पेनकिलरचे दिवस पण मोज, साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टानसारख्या खास मायग्रेनच्या १० दिवस व्हायला लागल्या तर त्यानेच डोकं दुखायला लागतं. मग व्हिटॅमिन काय करणार बिचारं.

---

सांजवेळ

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, व्यनितून (खासगी निरोपातून) तिघांनी विचारलं म्हणून.

पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, फोन केला, डॉक्टरांनी २०० आणि २०० करून जेवणानंतर घ्यायला सांगितलं, मग काही त्रास नाही. डायरीत पहिल्या महिन्यात ९ दिवस, दुसऱ्यात ८, इथे मी जवळजवळ सोडणार होते, तिसऱ्यात ५. पेनकिलरचे दिवस ७ वरून ३ वर. आता हे बी२ मुळे की रात्रीच्या गोळीमुळे की मधल्या काळात ऑफिसचं ते भयंकर प्रोजेक्ट संपलं त्यामुळे, देवाला माहीत. डॉक्टर म्हणाले अजून तीन महिने चालू ठेवू, मग थांबवून बघू परत वाढतं का.

---

कुंपणावरचा

प्रोजेक्ट संपल्यामुळे. पण ५ म्हणजे ५, अभिनंदन.

---

सांजवेळ

:) आणि हो, एक सांगायचं राहिलं. नवऱ्याने गेल्या आठवड्यात कुणाचं तरी ऐकून मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं, मला न सांगता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून अशी हाक आली की सासूबाई हातातलं टाकून धावल्या. मी दाराबाहेरून सांगितलं, कावीळ असेल.